पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली : चरित्र आणि बोध

आपल्या शहराच्या उत्तरेस, दिल्ली दरवाज्याच्या बाहेर, हिमायत बागेजवळ एक मोठा तलाव आहे. मोगल अमदानीत त्यास खिज्री तलाव म्हणत; आज तो सलीम अली सरोवर या नावाने ओळखला जातो. आपल्या शाळेतील कितीतरी विद्यार्थी रोज त्याच्या काठावरून ये-जा करतात. एकदा वर्गात मी सहज प्रश्न केला, "हे सलीम अली कोण होते?" एकाने सांगितले, ते जुन्या काळचे सुभेदार असावेत. दुसऱ्याने सांगितले, कोणी अवलिया असावेत. तिसरा म्हणाला, ज्याने तलाव बांधला त्याचेच ते नाव असणार. पाण्यावर बदके तरंगत असतात, काठच्या झाडांवर बगळे बसलेले असतात आणि आपण त्यांच्या शेजारून निघून जातो. त्यांची नावे आपणास ठाऊक नसतात, मग ज्याने त्या पक्ष्यांसाठी आपले सारे आयुष्य वेचले त्याचे नाव तरी कोठून ठाऊक असणार? ही उणीव थोडीबहुत भरून निघावी या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. अशा पोरक्या मुलांचा सांभाळ मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी केला. मामा-मामींना स्वतःचे मूलबाळ नव्हते. खेतवाडीतील त्यांचे घर भाचरांनी नेहमी भरलेले असे. आपल्या वाचकांस एक गोष्ट ऐकून कौतुक वाटेल, की या मुसलमान मुलाच्या शिक्षणाचा आरंभ गिरगावातील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेत, बहिणींच्या सोबतीने झाला. पुढे ते सेंट झेवियर शाळेत गेले.

मामा शिकारीचे शौकी होते. त्यांनी सलीमला छऱ्यांची एक लहानशी बंदूक दिली होती. सुमारे दहा वर्षांचा असताना त्याने त्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीच्या चिमणीच्या गळ्यावर असा ठिपका नसतो. मग हा पक्षी कोणता? मुलाने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. परंतु "असेल काहीतरी, टाकून दे" असे ते म्हणाले नाहीत. ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद चिटणीस मिस्टर मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला पक्ष्यासह त्यांच्याकडे पाठविले.

१८८३ साली स्थापन झालेली ही सोसायटी त्या काळी मुख्यत्वे साहेब लोकांची होती. साहेबासमोर जावयाचे या कल्पनेनेच मुलाचे पाय लटपटत होते. परंतु मिलार्डसाहेबांनी त्याची चिमणी हातात घेतली, ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून जतन करून ठेवलेले नाना जातींचे पक्षी त्यास एकामागून एक दाखविले. त्यांनी त्यास पुस्तके वाचावयास दिली. पक्ष्याची कातडी काढून, आत कापूस भरून ती टिकवावी कशी, हे शिकविण्याची व्यवस्थाही सोसायटीत करून दिली. एका कामकऱ्या माणसाने एका मुलाच्या एका प्रश्नासाठी आपला वेळ खर्च केला. हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचा एक नवा अध्याय त्या वेळी सुरू झाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. वृद्धपणी सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिले, त्यास त्यांनी 'चिमणीचे पतन' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते १९८५ साली प्रसिद्ध झाले. स्वर्गीय पित्याच्या नजरेतून एक चिमणीदेखील सुटत नाही, ही शुभवर्तमानातील शिकवण आपण शाळेच्या उपासनेत ऐकत आलो आहोत. त्या नावाकडे पाहताना तिचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

आता पालकांनी पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे. सलीम अली हे शाळेतील हुशार विद्यार्थ्यांपैकी नव्हते. तेराव्या वर्षी त्यांस डोकेदुखीचा विकार जडला आणि वारंवार शाळा बुडू लागली. हवापालटासाठी त्यांस सिंधमध्ये पाठवावे लागले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. कॉलेजचे पहिलेच वर्ष जड गेल्यामुळे ते सोडून ब्रह्मदेशात तव्हाय येथे घरच्या खाणीचा व लाकडाचा व्यापार पाहण्यासाठी गेले. तेथील जंगलांत पक्षी पुष्कळ दिसले; व्यापारात मात्र यश आले नाही. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी व्यापारी कायदा व हिशेब यांचे शिक्षण घेण्यास आरंभ केला. सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्राच्या विद्वान धर्मगुरूंनी त्यांचा खरा कल ओळखला आणि त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी शहरातील सुखसोयींचा मोह न धरता रानावनांतील मुक्कामांत पतीस साथ दिली.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिविभागात पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांस मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांस माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा त्यांस दरमहा ३५० रुपये वेतनावर मिळाली. परंतु केवळ सांगत बसण्यात त्यांचे मन रमेना. आपले ज्ञान अपुरे आहे हे ओळखून १९२८ साली ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पक्षी मारून त्यांची कातडी कपाटात ठेवणे म्हणजेच पक्षिशास्त्र नव्हे. जिवंत पक्षी काय करतो, काय खातो, घरटे कसे बांधतो, पिले कशी वाढवितो, हे पाहणे हाच त्या शास्त्राचा गाभा होय, ही दृष्टी त्यांस तेथे मिळाली. १९३० साली मोठ्या उमेदीने ते स्वदेशी परतले, तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाल्याचे वर्तमान कानी आले! वय तेहेतीस, पदरी संसार, हाती नोकरी नाही. अशा वेळी सामान्य मनुष्य खचून गेला असता.

मुंबईत राहणे परवडेना म्हणून पति-पत्नी अलिबागजवळ समुद्रकाठच्या किहीम या खेड्यात जाऊन राहिली. पावसाळा लागला. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसल्यामुळे वेळेची ददात नव्हती. सलीम अलींनी घरट्यांजवळ आडोसा केला आणि त्याच्या आत बसून ते तासन्‌तास पाहू लागले. जे दिसले ते त्याच दिवशी वहीत उतरवू लागले.

सुगरणीचा खोपा आपल्या परिसरातील मुलांस परिचित आहे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला असे खोपे लटकलेले आपण पाहतो. आपल्या बोलण्यात व गाण्यांत या खोप्याचे श्रेय सुगरण मादीला दिलेले असते. नर व मादी मिळून एक संसार थाटतात, असाही समज आहे. सलीम अलींनी पाहिले ते याहून निराळे होते. विणकाम करतो तो नर. गवताच्या व पात्यांच्या चिरफळ्या आणून तो प्रथम एक कडे विणतो, मग त्यावर घुमट चढवितो. खोपा अर्धा झाला, म्हणजे घंटेसारखा दिसू लागला, की माद्यांची झुंड पाहणीसाठी येते. मादी आत शिरते, विणकाम ओढून पाहते आणि पसंत पडले तर तेथे राहते. मग नर पिलांची कोठी व खालची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. मादी आतील मऊ बैठक तयार करून अंडी घालते. साऱ्या बांधकामास सुमारे १८ दिवस लागतात. इतके झाल्यावर नर काय करतो? तो शेजारीच दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो! पसंत न पडलेले अर्धे खोपे मात्र तसेच वाऱ्यावर झुलत राहतात. हा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या पक्ष्यास हजारो वर्षे सारे लोक पाहत आले होते, त्याच्या संसाराचा खरा प्रकार एका बेकार मनुष्याने एका पावसाळ्यात उलगडून दाखविला.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी पैठणकडील एक मुलगा सुगरणीचा असा अर्धा खोपा घेऊन माझ्या वर्गात आला होता. मध्ये आडवी पट्टी, वर घुमट, खाली सारे उघडे. त्याने विचारले, "सर, हे घरटे अर्धेच का सोडले असेल?" परीक्षा जवळ आली होती, अभ्यासक्रम मागे पडला होता. मी म्हणालो, "ते बाहेर ठेव आणि पुस्तक उघड." त्याने खोपा दाराबाहेर ठेवला. मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी पायाखाली तो तुडविला गेला. त्यानंतर त्या मुलाने वर्गात काही आणले नाही आणि, मला आठवते त्याप्रमाणे, फारसे काही विचारलेही नाही. पुढे सलीम अलींचे किहीम येथील निरीक्षण माझ्या वाचनात आले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. परंतु तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसणे हा शिक्षकाचा दोष नव्हे. अमीरुद्दीन मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. पण त्यांनी चिठ्ठी लिहून दिली; मी दार दाखविले. एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा आहे.

असो. किहीमनंतर सलीम अलींनी एक योजना सोसायटीपुढे मांडली. ब्रिटिश अंमलदारांनी आपापल्या परीने पक्ष्यांच्या याद्या केल्या होत्या. कर्नल साइक्स यांनी १८३२ सालीच दख्खनच्या पक्ष्यांची एक सूची प्रसिद्ध केली होती. तथापि देशी संस्थानांतील मोठमोठे प्रदेश पद्धतशीर पाहणीवाचून राहिले होते. "मला पगार नको, प्रवासाचा, मुक्कामाचा आणि मदतनिसाचा खर्च तेवढा संस्थानाने द्यावा, म्हणजे मी ही पाहणी करीन," असे त्यांच्या योजनेचे सार होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने हे मान्य केले आणि १९३१ साली कामास आरंभ झाला. त्या वेळी आपला औरंगाबाद जिल्हा त्याच संस्थानात मोडत असे. म्हणजे ती पाहणी आपल्याच मुलखाच्या पक्ष्यांची होती. तिचा वृत्तांत १९३३ व १९३४ या सालांत क्रमशः प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतही त्यांनी हेच काम केले.

या पाहणीचा दिनक्रम कसा असे, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पहाटे उजाडण्यापूर्वी बाहेर पडावयाचे, कारण पक्षी त्या वेळी सर्वांत अधिक हिंडतात व बोलतात. ऊन चढल्यावर मुक्कामी परत यावयाचे. जो नमुना मिळाला असेल त्याची कातडी काढून टिकवावयाची आणि त्याच्या पायास चिठ्ठी बांधावयाची. त्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, नर की मादी, हे सारे लिहावयाचे. पोटात काय सापडले तेही पाहावयाचे, कारण त्यावरून तो पक्षी शेतकऱ्याचा मित्र की शत्रू, हे ठरते. रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराचे टिपण शाईने लिहून काढावयाचे. त्या काळी चांगल्या दुर्बिणी व छायाचित्रे दुर्मिळ असल्यामुळे पक्षी मारल्यावाचून त्याची जात निश्चित करणे पुष्कळदा शक्य नसे. सलीम अलींनी शास्त्रासाठी पक्षी मारले हे लपविण्याचे कारण नाही. परंतु मौजेखातर जीव घेणे त्यांस मान्य नव्हते.

या निरीक्षणांतून सृष्टीतील परस्परसंबंध कसे उघड होतात, याचे एक उदाहरण पाहा. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढलेले आपण पाहतो. ते झाडाचा रस शोषून घेते आणि झाडाचे नुकसान करते. ते एका झाडावरून दुसऱ्यावर जाते कसे? सलीम अलींनी कोकणात पाहून दाखविले की, बांडगुळाच्या फुलांत चोच घालून मध पिणारा शिंजीर पराग इकडून तिकडे नेतो आणि फुलटोचा हा चिमुकला पक्षी त्याची फळे गिळून चिकट बी दुसऱ्या फांदीवर टाकतो. शिमग्याच्या सुमारास आपल्या डोंगरांवर पळस, पांगारा व काटेसावर फुलतात, तेव्हा त्या तांबड्या फुलांवर पक्ष्यांची जत्रा भरते. ही केवळ पक्ष्यांची मेजवानी नसून झाडाचेही तीत काम होत असते, हेही त्यांनी १९३२ साली एका निबंधात विशद केले.

शास्त्रात प्रतिष्ठेपेक्षा सत्य मोठे, याचाही अनुभव त्यांच्या चरित्रात येतो. ह्यू व्हिसलर हे पंजाबातील पोलीस अधिकारी भारतीय पक्ष्यांचे मान्यवर अभ्यासक होते. त्यांच्या एका लेखातील चूक तरुण सलीम अलींनी छापून दाखवून दिली. एका अपरिचित भारतीयाने आपली चूक काढावी, याचा व्हिसलर यांस प्रथम राग आला. परंतु मग त्यांनी आपल्याजवळील नमुने पुन्हा तपासले आणि चूक मोकळेपणाने मान्य केली. पुढे दोघांत स्नेह जडला आणि हैदराबादच्या पाहणीच्या वृत्तांतास व्हिसलर यांनीच साहाय्य केले. चूक दाखविणारा आणि चूक मान्य करणारा, दोघेही येथे मोठे ठरले.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि त्याचा संबंध आपल्या महाराष्ट्राशीच येतो. १९३७ साली सलीम अली ज्या कर्नल माइनर्टझहागेन यांच्यासमवेत अफगाणिस्तानात गेले, ते गृहस्थ मोठे नामांकित संग्राहक मानले जात. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र असे सिद्ध झाले की, त्यांनी संग्रहालयांतील इतरांचे नमुने चोरून, त्यांवर खोटी ठिकाणे व खोट्या तारखा घालून ते आपले म्हणून दाखविले होते. रानपिंगळा नावाच्या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली झाले होते आणि १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नव्हता. कर्नलसाहेबांनी आपल्या नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी असे लिहून ठेवले होते. एका खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच ठिकाणी जात राहिला. अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरून शोध केला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांस व त्यांच्या सोबत्यांस तो पक्षी खानदेशात शहाद्याजवळ जिवंत आढळला. तब्बल ११३ वर्षे! विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहीत न केलेल्या प्रयोगाचे आकडे मित्राच्या वहीतून उतरविताना आपणास वाटते, यात कोणाचे काय बिघडते? खोट्या नोंदीने काय बिघडते, ते या घुबडाच्या गोष्टीवरून लक्षात यावे.

सलीम अलींच्या नोंदींवर मात्र पुढील पिढ्यांस इमारत उभारता आली. हवे ते आढळले नाही तर तेही ते स्पष्टपणे लिहीत. हिमालयातील एका दुर्मिळ लाव्याचा त्यांनी पुष्कळ शोध केला, तो सापडला नाही. १८७६ नंतर त्या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नाही. परंतु कुमाऊंच्या तराईत फिनची सुगरण ही नाहीशी झाली असे वाटणारी जात त्यांस पुन्हा आढळली. कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांच्या प्रचंड वसाहतीपासून १९४५ साली केलेल्या मानससरोवर व कैलासाच्या यात्रेपर्यंत त्यांचा संचार होता. इतर लोक तेथे देवदर्शनास जात, हे पक्षिदर्शनासही गेले.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाईंचे निधन झाले. हा आघात मोठा होता. ते बहीण व मेहुण्यांच्या घरी राहू लागले आणि कामात अधिकच बुडून गेले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातील रंगीत चित्रांमुळे सामान्य मनुष्यासही अंगणातील पक्ष्याचे नाव शोधता येऊ लागले. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासमवेत त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. अखेरचा खंड निघाला तेव्हा ग्रंथकाराचे वय सत्त्याहत्तर होते. १९५९ पासून सोसायटीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्षी पकडून, पायात क्रमांक घातलेली हलकी कडी अडकवून ते पुन्हा सोडून दिले. त्यांपैकी काही कडी दूर रशियात सापडली, तेव्हा आपल्या तळ्यावर हिवाळ्यात येणारे पाहुणे कोठून येतात, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. बंदुकीने आरंभ केलेला अभ्यास अशा रीतीने पक्ष्यास जिवंत सोडून देण्यापर्यंत येऊन पोहोचला.

उतारवयात त्यांनी आपले वजन पक्ष्यांच्या रक्षणासाठी खर्च केले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान राखण्यात आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणापासून वाचविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सरकारने त्यांस १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत देहावसान झाले. ज्यास पदवी नाही म्हणून जागा नाकारली गेली होती, त्यास विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली.

या चरित्रावरून कोणता बोध घ्यावा? काही जण म्हणतील, परीक्षेत मागे पडले तरी चालते. तो बोध चुकीचा होय. सलीम अली परीक्षेत मागे पडले, पण अभ्यासात कधीही मागे पडले नाहीत; बत्तिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि बेकारीचा काळही त्यांनी पाहण्यात व लिहिण्यात घालविला. खरा बोध दुहेरी आहे. विद्यार्थ्यांसाठी असा की, डोळ्यांसमोरच्या गोष्टीकडे नीट पाहावे, प्रश्न विचारावा आणि जे पाहिले तेवढेच खरेपणाने लिहून ठेवावे. पालकांसाठी व आम्हा शिक्षकांसाठी असा की, मुलाने हातात काही घेऊन विचारले, "हे काय आहे?" तर उत्तर येत नसले तरी दार लावू नये. मिलार्डसाहेब रोज भेटत नाहीत हे खरे. परंतु चिठ्ठी लिहून देणारे मामा कोणासही होता येते.

आपण राहतो तो प्रदेश या अभ्यासास फार अनुकूल आहे. पैठणच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; हिवाळ्यात तेथे रोहित, चक्रवाक व नाना जातींची बदके उतरतात. शहराची वस्ती चहूकडून सलीम अली सरोवरापर्यंत येऊन ठेपली आहे. अशा स्थितीत तेथे कोणते पक्षी येतात आणि कोणते येईनासे झाले, हे सांगण्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे लिहून ठेवणे आवश्यक आहे. मराठीत पक्ष्यांविषयी विपुल लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर व सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस जोडून महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या निमित्ताने पुढील अभ्यास करावा.

१. एक लहान वही करावी. आठवड्यातून एकदा, एकाच ठिकाणी, सकाळी अर्धा तास बसावे. तारीख, वेळ, हवा व दिसलेले पक्षी यांची नोंद करावी. नाव ठाऊक नसल्यास आकार, रंग, चोच व आवाज लिहावा; अंदाजाने नाव घालू नये.

२. पावसाळ्यात जवळच्या विहिरीवरील किंवा ओढ्यावरील सुगरणीचे खोपे दुरून मोजावेत. पुरे किती, अर्धे किती, हे लिहावे. खोप्यास हात लावू नये.

३. फुललेल्या पळसाखाली उभे राहून किती जातींचे पक्षी त्यावर येतात, ते मोजावे.

४. घरातील आजी-आजोबांस विचारावे, त्यांच्या लहानपणी दिसणारा कोणता पक्षी आता दिसत नाही. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

वही भरली म्हणजे ती माझ्याकडे आणावी. वहीबरोबर गळून पडलेले पीस किंवा वाऱ्याने खाली पडलेला अर्धा खोपा असला, तर तोही आणावा. या खेपेस तो दाराबाहेर ठेवावा लागणार नाही.